भिंतीला लाख, पोटाला आठ

अंगणवाडीला अनुदान मिळाले की सर्वांत आधी भिंतीवर हत्ती येतो. मागोमाग जिराफ, पेरू, आंबा, अ-अननसाचा, आणि या सगळ्या प्राण्या-फळांपेक्षा मोठ्या अक्षरांत देणाऱ्याचे नाव. मूल तीन वर्षांचे आहे, त्याला अजून वाचता येत नाही, हे एक बरे.

केंद्राच्या ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेत देशातल्या दोन लाख अंगणवाड्या सुधारायच्या आहेत. एकीला एक लाख रुपये. त्यात एलईडी स्क्रीन, पाण्याचा फिल्टर, परसबाग, पावसाचे पाणी साठवायची सोय आणि अर्थातच बोलक्या भिंती. यादी वाचून आपल्यालाच पुन्हा तीन वर्षांचे व्हावेसे वाटते. मग त्याच खात्याचा दुसरा कागद हाती येतो. मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला आठ रुपये. मूल तीव्र कुपोषित असेल तर बारा. म्हणजे वरचे चार रुपये हवे असतील तर पोराने आधी वाळून दाखवायचे! हा दर ठरला 2017 मध्ये. तेव्हापासून तूरडाळ कुठे पोचली, ते वाण्याला विचारा.

हीच गत सेविकेची. तिच्या मानधनातला केंद्राचा वाटा महिना साडेचार हजार, तोही 2018 च्या ऑक्टोबरपासून. दिवसाला दीडशे रुपये. राज्य आपली भर घालते, नाही असे नाही. पण ती सहजी पदरात पडत नाही. 4 डिसेंबर 2023 ला राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस रस्त्यावर राहिल्या. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढे ऐकायलाही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. भिंतीला मात्र कधी संप करावा लागला नाही.

सुधारणा म्हणजे वस्तू, अशी आपल्या अनुदानांची पक्की समजूत आहे. वस्तूची खरेदी होते, फोटो निघतो, मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र जाते, कोनशिला बसते. सेविकेच्या पगारावर कोनशिला बसवता येत नाही, ही त्या बाईची मोठीच चूक. वस्तूंचे पुढे काय होते, याचाही नमुना आहे. सरकारने कामासाठी मोबाइल दिले. 2021 मध्ये सेविकांनी ते मोर्चे काढून परत केले. मेमरी अपुरी, फोन तापतो, ॲप उघडत नाही. आता घरी नेण्याच्या आहारासाठी त्याच ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवायचा. पोरगे कडेवर, आई कॅमेऱ्यापुढे, नेटवर्क डोंगरापलीकडे.

या सगळ्यात ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्यांच्या कामातून रुजला त्या ताराबाई मोडक आठवणे अपरिहार्य आहे. 1945 मध्ये बोर्डीला, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला त्यांनी बालवाडी चालवली ती शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांच्यावर. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज त्यांनी प्रस्ताव पाठवला असता तर ‘साहित्य : शिंपले, दर : शून्य’ यावर लेखा शाखेने नक्की शेरा मारला असता की तीन दरपत्रके जोडावीत.

अर्थात गरिबी मिरवावी असे मला म्हणायचे नाही. गळके छप्पर बदललेच पाहिजे. संडास तर हवाच; त्यासाठी मिळणारी रक्कम बारा हजारांवरून छत्तीस हजार झाली, हे चांगलेच झाले. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. अंगणवाडी दुपारीच उरकते. आई कापूस वेचायला, भांडी घासायला किंवा बांधकामावर गेलेली असते, ती येते दिवेलागणीला. मधले तास ते पोर कोण सांभाळते? सात-आठ वर्षांची बहीण, म्हणजे जी शाळेत असायला हवी ती. या तासांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडणारी. लक्ष्य सतरा हजार. देशात अंगणवाड्या जवळपास चौदा लाख. शंभरात एक-सव्वा पाळणाघर, तेही लक्ष्य पुरे झाले तर!

कारखान्यांचे म्हणाल तर 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर एका बाईला त्यांच्याकडे पाहायला नेमायची तरतूदही आपण लिहून ठेवलेली होती. कागदावर आपली मुले फार लाडात वाढतात.

तेव्हा कंपन्यांच्या सीएसआरवाल्या साहेबांना विनंती : यंदा हत्ती राहू द्या. एका अंगणवाडीत संध्याकाळी सहापर्यंत बसणाऱ्या दुसऱ्या बाईचा पाच वर्षांचा पगार द्या. नाव लिहायचेच असेल तर पगारपत्रकावर लिहा. आणि गावकऱ्यांनो, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर गेले, हे पुढच्या ग्रामसभेत सरपंचांना उभे राहून विचारा. उत्तर ‘रंगरंगोटी’ असे आले तर आणखी एकदा विचारा.