पद्मिनीचा ताप

बजाजनगर ही दोन चाकांवर वसलेली वस्ती. शेजारी वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इथे लहान पोरंसुद्धा स्कूटर-मोटारसायकलच्या आवाजावरून दुखणं सांगतात. अशा ठिकाणी एका निवृत्त सुपरवायझर मामांनी प्रीमियर पद्मिनी पाळली आहे. पाळली म्हणायचं, कारण ती धावते कमी आणि खाते जास्त.

कुर्ल्याला जन्मलेली ही १०८९ सीसीची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मामांच्या पद्मिनीत मूळचं मात्र नाव आणि इंजिन एवढंच उरलंय. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. इंजिनावरचा पंखा काढून विजेचा बसवला. शंभर वॉटचे दोन हॅलोजन, प्रेशर हॉर्न, दणकेबाज म्युझिक सिस्टीम आणि सगळ्यांवर कळस म्हणजे लाल आकड्यांचा डिजिटल टेंपरेचर मीटर. मामींच्या मते गाडीत सीटखेरीज सगळं बदललंय, आणि टोचते ती सीटच.

एका शनिवारी मामा, मामी आणि मेन्टेनन्समध्ये नोकरी करणारा भाचा खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघाले. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीने बघता बघता पद्मिनीला बाजारातून उठवलं, हे लक्षात घेता ही यात्रा म्हणजे समेटाचाच प्रकार होता.

एएस क्लबच्या चौकात मामांनी रिक्षाला हॉर्न दिला आणि मीटर ८४ वरून टुणकन ९२ वर गेला. साजापूरपाशी पंखा सुरू झाला. आता आकडा उतरावा ना? तो चढला. इंजिन गार करायला लावलेल्या पंख्याने ताप वाढवायचा, ही तऱ्हा एखाद्या खात्यात शोभली असती. ढग दाटले म्हणून दिवे लावले, तर ११०!

"पाणी उकळलं!" म्हणत मामांनी शरणापूर फाट्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन बंद केली. किल्ली पुन्हा फिरवून बघतात तर ८५. पुन्हा सेल्फ मारला, तेव्हा तो कण्हत कण्हत फिरला आणि फिरेपर्यंत आकडा ३० दाखवत होता.

याआधी गॅरेजवाल्यांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपाय केले होते. एकाने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने रेडिएटर साफ केला, तिसऱ्याची नजर हेड गॅस्केटवर होती. मामांनी तर सेन्सर काढून, वायरी जोडून, दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिला. मीटरने ९८ दाखवले, म्हणून तो खोटा ठरला. बिचारा खरं बोलत होता. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५६८ मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. पातेलं मात्र मामींनी परत घेतलं नाही.

माळीवाड्याच्या रसवंतीवर भाच्याने बोनेट उघडलं. "मामा, एवढं पाणी डोळ्याचं पातं लवेपर्यंत पंचवीस डिग्री तापतं होय? ताप इंजिनाला नाही, अर्थिंगला आहे."

हा सेन्सर एका वायरीचा. तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. ८० अंशांना तीनशेवर काही ओहम, तर १०० ला दोनशेच्या आत. मीटर पाच व्होल्टांवर हे मोजतो, तेव्हा या वीस अंशांतला फरक जेमतेम पाव व्होल्ट भरतो. सेन्सरची अर्थ इंजिनाच्या अंगातून आणि मीटरची बॉडीवरून. या दोघांना जोडणारी एकच जुनी पट्टी, गंजून हिरवीगार झालेली. दिवे-पंखा मिळून पंचवीस अँपिअर तिच्यातूनच अल्टरनेटरकडे परत जाणार. पट्टीचा रोध दहा मिलिओहम झाला तरी पाव व्होल्ट तिथेच सांडतो, आणि मीटर त्याला उष्णता समजतो. सेल्फ मारताना प्रवाह उलट्या दिशेने, म्हणून आकडाही उलटा. इंजिन बंद केलं की अल्टरनेटरचा प्रवाह थांबतो. डॉक्टरांच्या दारात पोचल्यावर पोराचं पोट दुखायचं थांबावं, तसा गॅरेजात मीटर शहाणा होत असे.

भाच्याने मल्टिमीटरची एक पिन इंजिनाला, दुसरी बॉडीला लावली. इंजिन चालू, दिवे बंद: चाळीस मिलिव्होल्ट. दिवे-पंखा चालू: अडीचशेच्या घरात. मग डिकीतली जंपर केबल काढून तिचे चिमटे इंजिन आणि बॉडीला घट्ट लावले, केबल पंख्यापासून लांब बांधली. आकडा ८५ वर आला. मामांनी हॉर्न वाजवला. ८५. पुन्हा वाजवला. रसवंतीवाला बाहेर आला.

तरी आकडा एखाददुसऱ्या अंशाने थरथरत होताच. ती दुसरी भानगड. नव्या हौशीच्या तांब्याच्या प्लग वायरी आणि सेन्सरची वायर एकाच टेपने बांधलेल्या. तीन हजार आरपीएमला या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात, आणि प्रत्येकीचा धक्का शेजारणीला बसतो. भाच्याने टेप कापून सेन्सरची वायर दूर नेली. रोधवाल्या प्लग वायरी टाकायचं काम रविवारवर ढकललं.

दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाजात नेहमीची कोंडी होती. एसटी समोर, ट्रक मागे. आकडा आता खराखुरा चढू लागला: ८८, ९०, ९३. पंखा लागला आणि सावकाश ८७ झाले. मामांना मात्र हे रटाळ वाटलं. घाटात त्यांनी दोनदा विनाकारण दिवे लावून पाहिले.

खुलताबादला दर्शन घेऊन परतताना सेल्फ पहिल्याच फटक्यात दणकून फिरला. मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "म्हणजे सेल्फ कण्हत होता तोही त्या पट्टीपायीच?"

"हाव, मामी," भाचा म्हणाला.

"मग गेल्या महिन्यात नवी बॅटरी कामून आणली?"

मामांनी प्रसादाचा पुडा मागे सरकवला.