शेरा एका खिडकीतून

'वर्गात मिसळत नाही.' आठवी-नववीतल्या गप्प मुलाच्या प्रगतिपुस्तकावर हा शेरा हमखास सापडतो. तोच मुलगा संध्याकाळी कबड्डीचा संघ सांभाळतो, आजोबांना बँकेत नेऊन स्लिप भरून देतो, शेजारच्या दोघांचं भांडण मिटवतो. वर्गात मात्र गप्प, कारण घरची बोली वेगळी आणि बोललं की मागच्या बाकावरून हसू येतं. मग कमी कुणाच्या कौशल्यात आहे? त्याच्या, की हसणाऱ्यांच्या?

सामाजिक कौशल्यं मोजायला माझा विरोध नाही. ऐकून घेणं, मदत मागणं, ठामपणे नाही म्हणणं शिकवता येतं. आणि जे शिकवायचं, ते मुलांत कितपत उतरलं हे तपासावंच लागतं. माझं भांडण आहे ते एकाच खिडकीतून मोजण्याशी.

१९८७ साली थॉमस आकेनबाक आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या वर्तनाच्या व भावनिक अडचणींवरचे ११९ अभ्यास एकत्र तपासले. आई आणि वडील अशा एकाच ठिकाणाहून पाहणाऱ्यांच्या मतांचा सरासरी सहसंबंध ०.६० निघाला. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहणाऱ्यांचा फक्त ०.२८. मूल स्वतःबद्दल सांगतं ते आणि इतर सांगतात ते, यांचा तर ०.२२. यात खोटं कुणीच बोलत नाही. मूल जागेप्रमाणे बदलतं. म्हणूनच ग्रेशम आणि एलियट यांच्या १९९० च्या सामाजिक कौशल्य मापनात शिक्षक, पालक आणि विद्यार्थी अशा तिघांना विचारलं जातं.

आपल्याकडे सीबीएसईने २००९ मध्ये माध्यमिक वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, जीवनकौशल्यांना श्रेणी दिली आणि २०१७ मध्ये ते गुंडाळलं. महाराष्ट्रात आठवीपर्यंत वर्णनात्मक नोंदी आहेत. त्यांसाठी तयार वाक्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. साठ मुलांचा वर्ग, त्यात निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामं. शिक्षकाने मुलाकडे पाहायचं कधी? शिक्षकाला दोष देऊन काहीच सुधारणार नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचंही मत घ्यायचं आहे. दिशा योग्य आहे. पण सोबत्यांना 'तुला कोण आवडतं?' असं विचाराल तर लोकप्रियता मोजाल. 'गटात काम करताना तुझं म्हणणं कुणी ऐकून घेतलं?' असं विचारा, कौशल्य दिसेल.

माझी मागणी साधी आहे. प्रसंग आणि तारीख नसेल तर शेरा लिहू नये. सामाजिक कौशल्यांची श्रेणी कोणत्याही प्रवेशाला जोडू नये. आणि 'वर्गात मिसळत नाही' असं लिहायचंच असेल, तर त्याखाली आणखी एक रकाना भरावा : त्याला मिसळता यावं म्हणून वर्गाने काय केलं?