पिल्लू आणि बचाव समिती

एप्रिल-मे महिन्यांत जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू सापडलं की सोसायटीत बिनविरोध एक समिती स्थापन होते. पिल्लाची शेपटी अर्धवट, पिसं विस्कटलेली आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाबद्दल नाराजी. कुणी ड्रॉपर आणतं, कुणी दूध-पोळी. पोरं त्याचं नाव चिंटू ठेवतात आणि तिथेच खरा घोटाळा होतो. नाव ठेवलं की ते आपलं होतं.

वास्तविक चिंटूचं काहीही बिघडलेलं नसतं. बुलबुलाची पिल्लं जन्मल्यावर दोन आठवडे व्हायच्या आतच घरट्याबाहेर पडतात, नीट उडणं नंतर शिकतात. मधले काही दिवस आईबाप त्यांना झुडपात, जमिनीवर येऊन भरवतात. आत्ताही आई वरच्या तारेवर चोचीत किडा धरून उभी असते. खाली उतरणार कशी? समितीची बैठक चालू आहे ना!

ड्रॉपर तर आधी खिशात घालावा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, त्यामुळे मायेनं पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. दूधही त्याला पचत नाही.

अंगावर पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र घरट्यातून पडलेलं असतं. ते उचलून परत घरट्यात ठेवावं. घरटंच कोसळलं असेल तर परडीत गवत घालून ती त्याच फांदीला बांधावी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हे खरं नाही. पण पोरांचे हात आवरायला आजीनं ते रचलं असावं असा मला संशय आहे, म्हणून पोरांदेखत मी तिला खोटं पाडत नाही.

जखमी किंवा मांजरानं धरलेलं पिल्लू भोकं पाडलेल्या खोक्यात, उबेला आणि अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. पाळायचा विचार मनातून काढावा. 1972 चा वन्यजीव कायदा आड येतो. कावळ्याच्या पिल्लाबाबत सल्ल्याची गरजच नाही. त्याचे आईबाप आपल्या टाळक्यावर चोच मारून सगळं समजावतात.

बाकी समितीला काम हवंच असेल तर एक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मनी चार दिवस घरात कोंडून ठेवायची. ती पडदे फाडेल, अशी काकूंची तक्रार असते. फाडू देत. तसेही ते फार भडक आहेत.