बुवा आज येणार ना?

अमेरिकी सोल गायक अल ग्रीन यांनी १९७६ साली मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च काढलं. पुढे तर काही वर्षं प्रेमगीतांकडे चक्क पाठ फिरवली. चाहते ऐकतील तर शपथ! रविवारी बाकांवर दूरदूरचे पाहुणे हजर. हातात बायबल, नजर मात्र दाराकडे: बुवा आज येणार ना? आले, आणि ‘हालेलुया’ म्हणताना तो जुना रेशमी, वर चढणारा सूर निसटला, की यांची समाधी लागलीच. पाप-पश्चात्ताप चालू द्या. मनात त्यांचंच १९७१चं प्रेमगीत ‘लेट्स स्टे टुगेदर’ वाजतंय. कीर्तनाला बसून लावणीची वाट पाहणारे आपल्याकडेही असतात म्हणा. दानाचं तबक फिरलं की मात्र हात सढळ. मैफलीचं तिकीट याहून महागच पडलं असतं.