तात्यांची खतावणी

कुंभार पिंपळगावाहून नागपूरपर्यंतच्या प्रवासाचे वर्णन करावयाचे तर वाटेतील निसर्गाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. परंतु माझ्या देहाचा विस्तार पाहून सहप्रवासी मला खिडकीपाशी बसू देत नसल्यामुळे, आणि त्या रात्री मांडीवर तात्यांचे दफ्तर असल्यामुळे, मी निसर्गास सर्वस्वी मुकलो. तात्या निवृत्त तलाठी. समर्थांचे जांब आमच्याच तालुक्यात असूनही त्यांचा नित्यपाठ दासबोधाचा नव्हे, त्या दफ्तरातील खतावणीचा. मैदानावर स्वतः पाहिलेल्या धावा आणि बळी तीत खेळाडूवार, सातबाराच्या शिस्तीने चढवलेले असत. डोळ्यांदेखत घडले तेवढेच जमा; रेडिओवरचे ते ऐकीव, सबब नामंजूर.

सीताबर्डीचा किल्ला रिक्षातून दिसला, तेवढाच.

31 ऑक्टोबर 1987. विश्वचषकाचा सामना, समोर न्यूझीलंड. आम्ही भाकरी-ठेचा सोडला, आणि तात्यांनी, चष्मा पुसताना, ठेच्याचाच हात डोळ्याला लावला! पुढे जे घडले त्यास इतिहास साक्षी आहे, तात्या नाहीत. चेतन शर्माने रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे लागोपाठच्या तीन चेंडूंवर उडवले. विश्वचषकातील ती पहिली हॅट्‌ट्रिक. सारे मैदान उभे, आणि तात्या खाली मान घालून "अरे, पाणी आण रे!" म्हणून कळवळत होते. पाणी आणण्यास मी उठलो नाही, हे अद्याप त्यांच्या मनातून गेलेले नाही. माझी साक्षही त्यांनी फेटाळली. "तू माझे डोळे आहेस काय?" शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले : 'बळी तीन. पाहणी झाली नाही.' असल्या माणसाबरोबर प्रवास करू नये, असे मला त्या क्षणी मनःपूर्वक वाटले.

मग गावसकर आले. अंगात ताप असताना त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे ते एकमेव शतक. तात्यांचे डोळे अजून लालच होते, पण ते पुसण्यास त्यांनी हात वर नेला नाही. गाल भिजत राहिले, आणि त्यातला ठेच्याचा वाटा किती हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. खतावणीत गावसकरांच्या नावे एक सामना, धावा 103, बाद शून्य; सबब सरासरी काढता येत नाही.

उपांत्य सामन्यासाठी मुंबईस चला म्हटले, तर तात्यांनी साफ नकार दिला. 5 नोव्हेंबरला वानखेडेवर डिफ्रेटसने गावसकरांचा 4 धावांवर त्रिफळा उडवला, भारत 35 धावांनी हरला आणि गावसकरांचा आंतरराष्ट्रीय खेळ तेथे संपला. खतावणीत त्याची नोंद नाही.