घाटाखालचा माणूस मलबार हिलवर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला नाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात : घाटावरचे का घाटाखालचे? जिल्ह्याचे तालुके 13. सहा वर, सात खाली, मधे अजिंठ्याची डोंगररांग. मोताळा खाली, बुलढाणा वर आणि दोघांच्या मधे राजूर घाट. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडाचे भागच मुळी दोन, बालाघाट आणि पायनघाट. बाला म्हणजे वरचा, पायन म्हणजे खालचा. तेव्हा पायाशी बसायची सवय आम्हाला फार जुनी.

मी जन्मभर खालचा. कलेक्टर वर, सिव्हिल हॉस्पिटल वर, थंड हवा वर. दाखल्यावर एक सही राहिली की घाट चढायचा, शिक्का राहिला की पुन्हा चढायचा. मे महिन्यात वरचे पाहुणे खाली उतरले की उंबऱ्यातच रुमाल काढतात आणि "तुमच्याकडे फारच उकडतं बुवा" असं म्हणतात, जणू ऊन आम्ही घरी बनवतो.

या पाहुण्यांत अग्रगण्य म्हणजे आमच्या मोठेबाबांचे व्याही. मोठेबाबा माझे थोरले चुलते, वय 75, कापूस आणि मका यांत हयात गेलेली. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, दिली बुलढाण्याला. त्या दिवसापासून व्याह्यांनी दर भेटीत "या एकदा वर" म्हणायचं आणि मोठेबाबांनी मिशीवर हात फिरवून गप्प बसायचं, असा रिवाज पडला. पुढे ताई आणि जावई डोंबिवलीला गेले, तिथे त्यांनी फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं आमंत्रण दोन्ही घाटांना एकदमच आलं.

मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस. व्याही घाट उतरून आले होते, अंगात स्वेटर. गाडीला उशीर होता. मोठेबाबा फलाटावर येरझारा घालता घालता स्टेशनच्या पिवळ्या पाटीसमोर थांबले. रेल्वेच्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती आपण कोणीच वाचत नाही. मोठेबाबांनी वाचली. आकडा अडीचशे मीटरच्या घरातला. "हे कायले लिवते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुराचं पाणी कुठवर येईल ते कळायला. मलाही ठाऊक नव्हतं, पण घरातल्या शिकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हाला मुंबई दाखवायला काढलं आणि दुपारी टॅक्सी मलबार हिलवर नेऊन उभी केली. समोर हँगिंग गार्डन. खरं नाव फिरोजशाह मेहता उद्यान, पण मेहतांना टॅक्सीवाले ओळखत नाहीत.

मोठेबाबांनी आत पाऊल टाकल्याबरोबर वर पाहिलं. मग झाडांखाली वाकून पाहिलं.

"लटकेल काय हाय इथिसा?"

"काही नाही आजोबा, नुसतं नाव आहे."

"मंग टॅक्सीवाल्याले पैसे कायचे देल्ले?"

बाग मात्र देखणी. हिरवळ, फुलांचे ताटवे आणि झुडपं कातरून केलेली जनावरं. पावसाळा नुकताच सरला होता, त्यामुळे जनावरांना नवी पालवी फुटून ती झिपरी झाली होती. एका चौपायी प्राण्यासमोर दोघे व्याही बराच वेळ उभे राहिले. व्याही म्हणाले, हत्ती. मोठेबाबा म्हणाले, म्हैस. कारण विचारता म्हणाले, "सोंडेवर अंदाज नोका करू. मांगून पाहा." मी मागून पाहिलं. म्हैसच होती.

मग भाच्याने सांगितलं की ही बाग जमिनीवर नाहीच, पाण्याच्या टाकीवर आहे. हिरवळीखाली दक्षिण मुंबईला पाणी देणारा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या छपरावर ही बाग केली. जवळच पारशी मंडळींचा दख्मा, म्हणजे गिधाडांसाठी मृतदेह ठेवायची जागा, असल्याने गिधाडांपासून पाणी जपायला तो झाकला, अशीही कथा सांगतात. मोठेबाबांना कथेशी देणंघेणं नव्हतं. ते "टाकी" या शब्दावरच थांबले होते.

इथे आमची बाजू सांगायला हवी. मोताळ्याला नळगंगेचं धरण उशाशी, पण आमच्या गल्लीत नळ आला की कॅलेंडरवर खूण करतो. पाहुण्यांना चहा विचारताना आधी खूण आठवतो. अशा माणसाला तुम्ही सांगता की तुझ्या पायाखाली अख्खी टाकी आहे आणि वर लोक पॉपकॉर्न खात बसलेत!

मोठेबाबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, धोतर सावरलं, हिरवळीवर आडवे झाले आणि जमिनीला कान लावला. डोळे मिटलेले. विहिरीच्या झऱ्याचा अंदाज घेताना ते असेच निजतात. आसपासच्या लोकांची समजूत वेगळी झाली. एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. कोणी तरी "कांदा हुंगवा, कांदा" असं मराठीत म्हणालं, त्यामुळे तेवढ्यातही बरं वाटलं. तेवढ्यात राखणदाराची शिटी वाजली.

"ओ काका, गवतावर झोपायचं नाही!"

"झोपलो नाई बाप्पा. पानी आयकून राह्यलो."

राखणदार जवळ आला. पोर कुठल्या तरी खेड्यातलंच असावं. त्याने शिटी खिशात घातली आणि हळूच विचारलं, "येतो का आवाज?"

"तू गप बसशील त येईल."

आवाज आला की नाही हे मोठेबाबांनी आजवर सांगितलेलं नाही. उठल्यावर गवत झाडत त्यांनी एवढंच विचारलं की हे पाणी येतं कुठून. भाचा म्हणाला, भातसा, तानसा, वैतरणा अशी धरणं आहेत शहापूरकडे. आणि शहापूरच्या खेड्यांना? त्यांना उन्हाळ्यात टँकर. मोठेबाबांनी मान डोलावली. इतक्या सगळ्या मुंबईत ओळखीचं असं काही त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

रस्त्यापलीकडे कमला नेहरू पार्क. तिथला म्हातारीचा बूट पाहून "दुसऱ्या पायातला कुठं हाय?" हा प्रश्न आला, त्याला अजून उत्तर नाही. जवळच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी पायवाट आहे, 2025 च्या मार्चअखेर सुरू झालेली. लांबी 485 मीटर, तिकीट 25 रुपये. आभाळातून झाडं पाहत चालायचं. "आपल्या राजूर घाटात वांदरं फुकट चालतात," असं म्हणून मोठेबाबांनी तो विषय संपवला.

मग कठड्याशी आलो. खाली गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्हची कमान, समुद्र. दृश्य असं की बोलणं थांबावं. व्याह्यांचं थांबलं नाही. स्वेटरची बटणं लावत ते म्हणाले, "अशी हवा म्हणजे आमच्या वरची आठवण झाली. उंचावरची गोष्टच वेगळी."

भाच्याने सहज मोबाइल काढला. "आजोबा, ही टेकडी कितीशी उंच असेल? जेमतेम पन्नास मीटर."

मोठेबाबांचा चेहरा मी जवळून पाहत होतो. आधी भुवया एकत्र आल्या. मग ओठ हलले, वजाबाकी चालली होती. मग मिशीखालून हसू फुटलं. मलकापूरची पिवळी पाटी त्यांना आठवली होती.

"मलकापूर अडीचशे. मोताळा त्याच्याहून चढावर. अन् हे पन्नास?"

"हो."

"म्हंजे ही सारी मुंबई आपल्या खाले?"

"तसंच म्हणायचं."

"मुख्यमंत्र्याचा बंगला इथिसाच हाय ना? वर्षा?"

"हो, याच टेकडीवर."

"म्हंजे तेही खाले." कमरेवर हात ठेवून त्यांनी चौपाटीकडे पाहिलं. घाटावरून आमच्याकडे बघतात, तसंच. "बिचारे. उकडत असीन."

त्या घटकेला साऱ्या पायनघाटाच्या वतीने माझा ऊर भरून आला. पण व्याही शेजारीच होते. त्यांनी स्वेटरचं शेवटचं बटण लावलं आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास आहे, इवाई."

परतीच्या टॅक्सीत कोणी बोललं नाही.

मोताळ्याला आल्यावर मात्र मोठेबाबांनी हिशेबातून बुलढाणा वगळला आणि उरलेला ठेवला. बस स्टँडवर, दुकानाच्या पायरीवर, सलूनमध्ये तो आकडा फिरला. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. दिवाळीचं विचारत होती. मोठेबाबा जोरात म्हणाले, "अवं, या ना मंग वर!"

"वर कुठं बाबा? मी चौदाव्या मजल्यावर राहते. अजून किती वर येऊ?"

मोठेबाबा थबकले. फोन छातीशी दाबून त्यांनी मला विचारलं, एका मजल्याचे किती मीटर. मी म्हटलं, धरा तीन.

"चौदा त्रिक बेचाळीस," ते फोनवर म्हणाले. "दोनशे आठ राह्यले. गाडीत बस, मलकापूरले उतर. पिवळी पाटी दिसली का समज, आली."

"आणि सासऱ्यांकडे पण जायचंय बाबा, भाऊबीजेनंतर, वर."

मोठेबाबांनी फोन माझ्याकडे दिला. "आवाज येत नाई म्हना."