थीम ठरली आहे, तू फक्त हो म्हण!

कॉस्प्ले करणाऱ्या मुली पुण्यात आता पुष्कळ झाल्या. कॉस्प्लेचं नियोजन करणारी मात्र एखादीच. ती नुसता पोशाख शिवत नाही, मोहीम आखते. मोहिमेला फौज लागते, आणि ही सगळी फौज म्हणजे तिची एक मैत्रीण. दोघींचाच व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्याला नाव, फोटो, नियमावली सगळं असतं. शिवाय 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात' अशी सोयही केलेली असते. ॲडमिन कोण, ते सांगायला नको.

थीम ठरवायची बैठक लोकशाही मार्गाने होते. "तुला काय करायला आवडेल? मनापासून सांग," असं ती विचारते आणि मैत्रीण विचार करेपर्यंत 'डीमन स्लेयर' ही जपानी ॲनिमे मालिका मंजूरही झालेली असते. भूमिकावाटप त्याआधीच उरकलेलं. ही स्वतः तान्जिरो: कपाळावर व्रण, अंगावर हिरव्या-काळ्या चौकटींचा हाओरी म्हणजे जपानी अंगरखा, हातात काळ्या पात्याची तलवार. मैत्रीण नेझुको: तान्जिरोची राक्षस झालेली बहीण, जी तोंडात बांबूचं नळकांडं घेऊन वावरते आणि जवळजवळ काहीच बोलत नाही. "हा रोल मलाच का?" या प्रश्नाला उत्तर तयार असतं: "तुझे डोळे किती बोलके आहेत गं!"

मग एक्सेल शीट उघडते. कथा जपानच्या तैशो काळातली, म्हणजे १९१२ ते १९२६ दरम्यानची. त्यामुळे फोटोत सिमेंटचा बाक, कचऱ्याचा डबा आणि मैत्रिणीचा चष्मा दिसता कामा नये, असा पहिला रकाना. चष्म्याशिवाय मैत्रिणीला तलवार कुठून येतेय ते दिसत नाही, पण त्यासाठी रकाना नाही.

खरेदीला तुळशीबाग. "तान्जिरोसारखे उगवत्या सूर्याचे कानातले आहेत?" दुकानदार गडबडत नाही. "चंद्रकोर आहे, सूर्य संपला." बांबूसाठी बुरूड आळी. "तोंडात मावेल एवढाच द्या." बुरूड तिला आपादमस्तक न्याहाळून सांगतो, "ताई, आम्ही शिड्या विकतो." चौकटींचं कापड हव्या त्या हिरव्यात लक्ष्मी रोडवर मिळत नाही, मग साध्या हिरव्या कापडावर चिकटपट्ट्या लावून काळे चौकोन रंगवायचे. हे काम अर्थात मैत्रिणीकडे. तलवार फोमची. फोम फेव्हिकॉल एसआरने चिकटवून, रंग देण्याआधी गरम हवेने शेकून घ्यावा लागतो. आईचा हेअर ड्रायर त्यात कामी येतो, म्हणजे कामातून जातो.

"एवढा खटाटोप कशाला? ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा," हे बाबांचं मत. त्यांचा अनुभव शाळेच्या गॅदरिंगपाशी थांबलेला. "ड्रेपरीत मावळा मिळतो बाबा, तान्जिरो नाही," असं सांगून ती त्यांचा वर्ग घेते: जपानात नागोयाला २००३ पासून जागतिक कॉस्प्ले संमेलन भरतं, आपल्याकडे २०११ साली दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन झालं. बाबा निमूटपणे पाकीट काढतात. व्याख्यान थांबवायचा तेवढाच उपाय त्यांना ठाऊक आहे.

काकूच्या गुलाबी साडीचा किमोनो होतो. मैत्रीण तो उजवी बाजू वर घेऊन नेसते, तशी ही किंचाळते, "डावी वर! उजवी वर फक्त प्रेताला नेसवतात!" आतून आजीचा आवाज येतो, "तिन्हीसांजेला शुभ बोला गं!"

शूटची जागा पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर सिंहगड रोडला उभी राहिलेली ही बाग म्हणजे तिच्या दृष्टीने रिक्षाने गाठता येणारं जपान. फाटकावरचा रखवालदार दोघींचा पोशाख बघून विचारतो, "प्री-वेडिंग का? नवरदेव कुठाय?" कॅमेरा धरायला मावसभाऊ आणलेला असतो. मानधन म्हणून त्याला वडापाव आणि 'पोर्टफोलिओ' मिळणार असतो. पोर्टफोलिओचं पुढे बघू, वडापाव मात्र तो आधीच वसूल करतो.

शूट सुरू होतं. हनुवटी खाली, विग सरकला, पिन लाव, आता दुःखी दिस, एवढी नको! मैत्रीण प्रत्येक सूचनेला "म्म्म" म्हणते. तो होकार, नकार की शिवी हे बांबूमुळे कळत नाही, आणि 'किती शिरलीस भूमिकेत!' म्हणून तिचं कौतुक होतं.

फोटो येतात तेव्हा न्याय होतो. नेझुको प्रत्येक चौकटीत देखणी. तिला गप्प उभं राहण्यापलीकडे काही करूच दिलेलं नसतं. तान्जिरोचं तोंड मात्र एकूणएक फोटोत उघडं, कारण शटर दाबताना सूचना चालूच होत्या. पण नियोजिका खचत नाही. परतीच्या रिक्षात पुढची ॲनिमे थीम जाहीर होते: 'टोटोरो'. "मी मेई. आणि तू ती मांजराची बस, बारा पायांची!"

तरीही मैत्रीण पुढच्या वेळी येणारच. कारण अशी एक नियोजिका नसती, तर बाकीच्या आपण सगळ्या जणी 'एकदा काहीतरी करू या गं' म्हणतच म्हाताऱ्या झालो असतो. तुमच्याही आयुष्यात अशी कुणी असेल तर तिला जपा. फक्त भूमिकावाटपाच्या दिवशी मनातलं सगळं बोलून घ्या. नंतर तोंडात बांबू असतो.